खर्जातला प्रदेश : शिको सायन्स आणि नासांव झुंबी



ज्या बँडबद्दल आज बोलायचं आहे त्याची रंगमंचावरची मांडणी आधी सांगतो, कारण माझं निम्मं म्हणणं त्या मांडणीतच आहे. रॉक बँड म्हटला की मागच्या बाजूला मधोमध ड्रमसेट आणि त्यामागे हातापायांनी एकदम ताल सांभाळणारा वादक, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलच्या रेसिफे शहरात उभ्या राहिलेल्या ‘शिको सायन्स आणि नासांव झुंबी’ या बँडकडे ड्रमसेटच नव्हता. तिथे तिघे जण उभ्याने मोठे लाकडी ढोल बडवत. चौथ्याकडे काइशा, म्हणजे खाली तारा लावलेला, झणझणता छोटा ड्रम. पाचवा बाकीची तालवाद्यं बघे. उरलेल्या तिघांत एक इलेक्ट्रिक गिटार, एक बास गिटार आणि गवती टोपी, काळा चष्मा घातलेला गायक. आठांतले पाच जण नुसता ताल धरायला!

हा हिशेब मुद्दाम मांडला. प्रांताचं संगीत शहरी, विजेच्या मंचावर येतं तेव्हा त्याला बहुधा सजावटीचं काम मिळतं. गाण्याच्या आरंभी लोकवाद्याची चार आवर्तनं होतात, टाळ्या पडतात आणि मग खरा भार ड्रमसेट आणि कीबोर्ड उचलतात. लोकवाद्य काढून घेतलं तरी गाणं जागच्या जागी उभं राहतं. नासांव झुंबीचे ढोल काढून घ्या, गाणं कोसळेल. प्रदेश कुठे ठेवायचा, वरच्या पट्टीत की खर्जात, हा त्यांनी सोडवलेला प्रश्न होता, आणि मला वाटतं त्यांची खरी थोरवी त्यात आहे. ‘लोकसंगीत आणि रॉक यांचा संगम’ वगैरे जे लिहिलं जातं ते खोटं नाही, पण संगम कुणीही करतो.

आता गाव पाहू. रेसिफे ही पर्नाम्बुको राज्याची राजधानी. कापिबारिबे आणि बेबेरिबे या नद्या अटलांटिकला मिळतात तिथल्या खाजणात भराव घालत घालत हे शहर वाढलं. बेटं, पूल, भरती-ओहोटी आणि कांदळवन. साखरेच्या व्यापारावर ते पोसलं गेलं. १६३० ते १६५४ या काळात डचांनी ते पोर्तुगिजांकडून हिसकावून घेतलं होतं. पोर्तुगीज आरमार १५०० साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं ते हिंदुस्थानच्या वाटेवर असताना, आणि आपल्या कोकण-गोव्याचा काजू आला तो ब्राझीलच्या याच ईशान्य किनाऱ्याकडून. आपला त्या मुलखाशी थेट संबंध एवढाच. पण दर उन्हाळ्यात बोंडू खाणाऱ्यांनी तो विसरू नये.

साखर म्हणजे मळे आणि मळे म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं. त्यांच्यातले जे पळाले त्यांनी आतल्या डोंगराळ भागात पाल्मारेस नावाची वसाहत उभारली आणि सतराव्या शतकातला बराच काळ ती लढून टिकवली. तिचा अखेरचा सेनानी झुंबी. २० नोव्हेंबर १६९५ रोजी तो मारला गेला, त्याचं शिर रेसिफेला आणून चौकात लावलं गेलं, कारण तो मरूच शकत नाही असं गुलाम मानत आणि सरकारला तो समज मोडायचा होता. ज्या गावात हे शिर टांगलं त्याच गावच्या पोरांनी तीनशे वर्षांनी बँडला त्याचं नाव दिलं. ‘नासांव’ म्हणजे राष्ट्र. हा शब्द त्यांनी दोन ठिकाणांहून उचलला : न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधल्या ‘झुलू नेशन’वरून, आणि घरच्या माराकातूच्या जमातींवरून, ज्या स्वतःला पिढ्यान्‌पिढ्या ‘राष्ट्र’ म्हणवत आल्या आहेत.

माराकातू हा आजचा कणा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. गुलामगिरीच्या काळात रेसिफेतले आफ्रिकी वंशाचे लोक आपल्यातून एक ‘काँगोचा राजा’ आणि राणी निवडत. रोझरीच्या मातेच्या नावाने चालणाऱ्या काळ्या लोकांच्या धर्मसंघांतर्फे चर्चमध्ये त्यांचा राज्याभिषेक होई. मालकांना आणि सरकारला हे सोयीचं होतं, कारण राजा आपल्या माणसांना आवरून धरी. पण त्या आडोशाने देव, दैवतं, ढोल आणि आपसांतली नाती टिकून राहिली. १८८८ साली गुलामगिरी कायद्याने संपली, राज्याभिषेकांना अर्थ उरला नाही, आणि त्या दरबाराची मिरवणूक कार्निव्हलमध्ये शिरली. आजही छत्रीखाली राजा-राणी चालतात, दरबारातली एक स्त्री ‘कालुंगा’ नावाची लाकडी बाहुली हातात धरून नाचते. तिच्यात पूर्वजांचं बळ असतं असं मानतात. ती शोभेची वस्तू नव्हे. आणि मागे ढोल. ते आहेत अल्फाया : लाकडी पिंप, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं, दोर आवळून चढवायचं. सगळ्यांत मोठा ढोल चाल धरून ठेवतो, लहान ढोल त्याच्या भोवती आघात उलटेपालटे करत खेळतात, आणि वरून गोंगे नावाची लोखंडी घंटा सगळ्यांना रस्ता दाखवते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही परंपरा आटायला लागली होती. एलेफांते या जुन्या माराकातूची राणी दोना सांता १९६२ मध्ये गेली आणि त्या राष्ट्राचं सामान वस्तुसंग्रहालयात जाऊन बसलं. १९८० च्या दशकात रेसिफेच्या मध्यमवर्गीय मुलाला माराकातू ठाऊक असे तो कार्निव्हलमध्ये लांबून ऐकू येणारा गोंगाट म्हणून, आणि काळ्यांच्या वस्तीतली काहीशी भीतीची गोष्ट म्हणून.

या गावाला आणखी एक वारसा होता, तो एका डॉक्टरचा. जोझुए द कास्त्रो हे १९०८ मध्ये रेसिफेत जन्मले. त्यांचं ‘भुकेचा भूगोल’ हे पुस्तक १९४६ चं. भूक ही निसर्गाची नाही, माणसांनी केलेली व्यवस्था आहे, हे त्यांनी नकाशे आणि आहाराचे आकडे मांडून दाखवलं. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या परिषदेचे अध्यक्ष झाले. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्यांचे राजकीय हक्क काढून घेतले गेले आणि १९७३ मध्ये पॅरिसमध्ये परागंदा अवस्थेतच ते वारले. लहानपणी त्यांनी खाजणात झोपड्या बांधून राहणारी माणसं पाहिली होती. ही माणसं चिखलातले खेकडे धरून खात. माणसांची घाण चिखलात जाई, खेकडे ती खाऊन पोसत, आणि पुन्हा माणसांच्या पोटात येत. हे चक्र त्यांनी शास्त्रीय लेखनात मांडलं आणि १९६७ च्या ‘माणसं आणि खेकडे’ या कादंबरीतही. आपल्या बँडने त्यांना केवळ आदराने आठवलं नाही. ‘दा लामा आओ काओस’ या गाण्यात थेट त्यांच्या नावाने हाक मारली आहे.

आता मुख्य माणूस. फ्रान्सिस्को द आसिस फ्रान्सा, म्हणजेच शिको सायन्स, जन्म १३ मार्च १९६६, रेसिफेला लागून असलेल्या ओलिंदाचा. तो रिओ दोसे नावाच्या वसाहतीत वाढला. पोरवयात तो खाजणात खेकडे धरून विकी आणि त्या पैशांवर नाचाच्या कार्यक्रमांना जाई, असं सांगतात. तिथे लागत ते जेम्स ब्राऊन आणि अमेरिकन फंक. मग ब्रेक डान्सची टोळी, मग ओर्ला ओर्बे नावाचा बँड, मग लुस्ताल नावाचा दुसरा. हे दोन्ही चांगले पण परक्या नमुन्यावरचे. पोटासाठी तो रेसिफे नगरपालिकेच्या संगणक विभागात नोकरी करत होता. तिथल्याच एका सहकाऱ्याने, जिल्मार बोला ओइतोने, त्याला पेशिन्योस या गरीब वस्तीतल्या ‘लामेन्तो नेग्रो’ नावाच्या ढोलपथकाच्या तालमीला नेलं.

हे पथक वाजवत होतं ते मुख्यतः बाहिया प्रांताचं सांबा-रेगे, म्हणजे तेव्हाची चलती फॅशन. शिकोने त्या वादकांना आपल्या लुस्तालच्या गिटार आणि बासशी जोडलं आणि हळूहळू ढोलांच्या ओळीत माराकातू, कोको, सिरांदा असे पर्नाम्बुकोचे ताल शिरू लागले. १९९१ मध्ये ओलिंदात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. गिटारवर लुसिओ माया, बासवर देंगे, ढोलांवर जिल्मार, जिरा आणि शिकोचा जुना मित्र झॉर्जी दु पेशे, काइशावर कान्योतो, तालवाद्यांवर तोका ओगान. गिटारवाले आणि ढोलवाले दोन वेगवेगळ्या वस्त्यांचे, वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या परिस्थितीतले. हे एकत्र येणं रेसिफेत तेव्हा किती दुर्मीळ होतं हे त्यांच्या संगीतावरच्या लिखाणात पुरेसं येत नाही.

शिकोची गायकीही सांगायला हवी. ऐकणाऱ्याला तो रॅप वाटतो, आणि आहेच. पण ईशान्य ब्राझीलमध्ये एंबोलादा नावाचा बाजारपेठेतला प्रकार आहे. दोघे गायक हातात खंजिरीसारखं वाद्य घेऊन, जीभ वळणार नाही अशा वेगाने, एकमेकांना हटवायला शीघ्र कवनं करतात. आपल्याकडे कलगी-तुऱ्याची झुंज ज्यांनी ऐकली असेल त्यांना त्यातली खुमखुमी लगेच कळेल. शिकोची अक्षरं एंबोलादासारखी पडतात आणि वजन हिप-हॉपचं असतं. शिवण दिसत नाही. नक्कल करणाऱ्यांना पुढे नेमकं हेच जमलं नाही. त्यांनी ढोल घेतले, विजेची गिटार घेतली, पण जीभ आणली ती परकीच.

१९९२ मध्ये ‘मुंदो लिव्रे’ या दुसऱ्या बँडच्या फ्रेद झेरो क्वात्रोने वर्तमानपत्रांना पाठवायला एक मजकूर लिहिला. ‘मेंदू असलेले खेकडे’ असं त्याचं नाव. पुढे लोक त्याला जाहीरनामा म्हणू लागले. त्याच्या आगेमागे वॉशिंग्टनच्या एका संस्थेने जगातल्या राहायला वाईट शहरांच्या यादीत रेसिफेला चौथा क्रमांक दिला होता, आणि फ्रेदने तो अपमान पकडला. त्याचं म्हणणं असं : शहराच्या नद्या म्हणजे त्याच्या रक्तवाहिन्या, त्या बुजवल्या म्हणून शहर मरतंय, मात्र कांदळवन ही पृथ्वीवरच्या सर्वांत सुपीक जागांपैकी एक आहे, तेव्हा त्या चिखलात अजून जी ऊर्जा शिल्लक आहे तिला झटका द्यायला हवा. आणि चिन्ह म्हणून त्याने सुचवली चिखलात रोवलेली डिश अँटेना. हे चिन्ह फार गाजलं. इतकं की आज ते पर्यटनाच्या पत्रकांवरसुद्धा दिसतं, आणि त्याची मला थोडी चीड येते. कारण मूळ लेखात कांदळवन ही उपमा नव्हती, तक्रार होती. तोवर दक्षिणेला सुआपे बंदरासाठी खाड्या आणि कांदळवनं उद्ध्वस्त झाली होती. १९९२ पासून रेसिफेच्या बोआ व्हियाजें किनाऱ्यावर शार्कचे हल्ले सुरू झाले, त्याचं एक कारण त्या बंदरात शोधणारे अभ्यासक आहेत. गाण्यांतले खेकडे काव्यमय वाटतात, पण तिथे माणसांच्या पायांखालची जमीन खरोखर बदलत होती.

१९९३ मध्ये पाउलो आंद्रे पिरेस यांनी ‘आब्रिल प्रो रॉक’ हा महोत्सव सुरू केला. रिओ आणि साओ पावलोच्या पत्रकारांना रेसिफेकडे बघावं लागलं. सोनी कंपनीने करार केला. ‘दा लामा आओ काओस’, म्हणजे चिखलाकडून गोंधळाकडे, ही पहिली तबकडी १९९४ मध्ये आली. निर्माता लिमिन्या, रिओतला नावाजलेला माणूस. त्यातलं ‘आ प्राइएरा’ हे गाणं एका दूरदर्शन मालिकेतही वाजलं. पण तबकडीबद्दल त्या काळापासून एक तक्रार आहे आणि ती मला मान्य आहे : प्रत्यक्ष कार्यक्रमात ढोल छातीत बसत, ध्वनिमुद्रणात ते पातळ झाले. त्या स्टुडिओला ड्रमसेट कसा पकडायचा हे ठाऊक होतं. तीन अल्फाया एकदम वाजतात तेव्हा मायक्रोफोन कुठे ठेवायचा, किती जागा सोडायची, बास गिटारला खर्जात कोणता कोपरा द्यायचा, याची कुणालाच सवय नव्हती. मघाशी प्रदेश खर्जात ठेवण्याबद्दल बोललो, ते मंचावर जमलं होतं. तबकडीवर अजून जमायचं होतं.

१९९५ मध्ये ते अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ब्राझीलचे ज्येष्ठ गायक गिल्बेर्तो जिल यांच्याबरोबर गायले, माँत्रोच्या महोत्सवात वाजवलं. परत आले ते घरच्या वादात.

त्या वर्षी पर्नाम्बुकोचे सांस्कृतिक सचिव झाले होते आरियानो सुआसुना. मोठा माणूस. ‘आउतो दा कोंपादेसिदा’ या १९५५ च्या नाटकाचे लेखक, ईशान्य ब्राझीलच्या साहित्यातलं मोठं नाव. १८ ऑक्टोबर १९७० रोजी रेसिफेच्या साओ पेद्रो चर्चमध्ये मैफल आणि प्रदर्शन भरवून त्यांनी आर्मोरिआल चळवळीची घोषणा केली होती. ईशान्येच्या लोककलेतून, रबेका, व्हायोला या तारवाद्यांतून आणि पिफानो या बासरीतून, एक उच्च, स्वतःच्या पायांवर उभी अशी ब्राझिलियन कला घडवायची हा तिचा ध्यास. त्यातून निघालेला क्विंतेतो आर्मोरिआल हा वाद्यसमूह १९८० पर्यंत चालला, आणि काय वाजवत असे! सुआसुनांना रॉक म्हणजे अमेरिकेचा कचरा वाटे, आणि शिकोच्या नावातल्या इंग्रजी ‘सायन्स’वर त्यांनी जाहीरपणे बोट ठेवलं : ते आधी पोर्तुगीज करा, मग पाठिंबा देतो.

या वादात सुआसुनांना म्हातारा हेकट ठरवणं फार सोपं आहे. बहुतेक लेखक तेच करतात. मला त्यांच्या बाजूचं थोडं म्हणायचं आहे. लोककलेला तुच्छ मानणाऱ्या शहरात वीस वर्षं तिची बाजू उभी करून ठेवली ती त्यांनी. रबेका वाजवणारे मेस्त्रे, म्हणजे उस्ताद, सालुस्तियानो यांच्यासारखे ग्रामीण कलावंत रेसिफेच्या मंचांवर मानाने बसू लागले त्यात सुआसुनांचा हात होता. त्याच सालुस्तियानोंना शिको आदराने मानत होता. पहिल्या तबकडीत त्यांच्या नावाची एक रचनाच आहे. दोन्ही छावण्या एकाच उस्तादाच्या अंगणात शिकल्या. फरक कुठे पडला? आर्मोरिआलने लोकसंगीत मैफलीच्या दालनात नेलं, आणि दालनात नेताना त्यातले ढोल बाहेर राहिले. तार आणि बासरी आत आली. काळ्या वस्तीतला खर्ज बाहेर. मी हे आरोप म्हणून सांगत नाही. कान कशाला सुंदर म्हणतो हे माणूस कुठे वाढला त्यावर ठरतं. शिको वाढला तिथे खर्ज होता.

दुसरी तबकडी ‘आफ्रोसिबेरदेलिया’ १९९६ ची. तोवर कान्योतो बँड सोडून गेला होता आणि पुपिलो नावाचा ड्रमसेट वाजवणारा आला होता. म्हणजे सुरुवातीला सांगितलेली मांडणी बदलली. शुद्धतावादी श्रोता इथे नाक मुरडेल, पण तबकडी ऐकल्यावर कळतं की आता ड्रमसेट ढोलांची चाकरी करतो. पुपिलो मधल्या फटी भरतो, आघाताचं वजन अल्फायांकडेच राहतं. यावेळी निर्मिती एदुआर्दो बिद आणि खुद्द बँडची; खर्ज अखेर जागेवर बसला. झॉर्जी माउत्नर आणि नेल्सन जाकोबिना यांचं ‘माराकातू आतोमिको’ हे गाणं जिलने सत्तरच्या दशकात गायलं होतं, ते यांनी पुन्हा असं वाजवलं की गाण्याच्या नावातला माराकातू पहिल्यांदा कानाला ऐकू आला. तबकडीच्या शेवटी त्याच गाण्याच्या आणखी तीन आवृत्त्या आहेत. त्या नसत्या तरी चाललं असतं. मला विचाराल तर पहिल्या तबकडीत गाणी सरस आहेत आणि दुसऱ्यात आवाज, आणि दोन्हींतून निवडायची वेळ आली तर मी दुसरी उचलेन.

२ फेब्रुवारी १९९७, रविवार, कार्निव्हल आठवड्यावर आलेला. शिको रेसिफेहून ओलिंदाकडे एकटा गाडी चालवत निघाला होता. सालगादिन्योजवळ गाडी खांबावर आदळली. तो तीस वर्षांचा होता. त्याच १९९७ मध्ये लेआंव कोरोआदो या १८६३ पासूनच्या माराकातू राष्ट्राचे मेस्त्रे लुईस द फ्रान्सा नव्वदी ओलांडून वारले. कडक माणूस, रीत मोडू न देणारा. शिकोची अंत्ययात्रा देशभर दाखवली गेली. मेस्त्रे लुईसबद्दल रेसिफेबाहेर कुणाला कळलंही नसेल. ज्या ढोलांवर तो बँड उभा होता ते ढोल लुईससारख्यांनी जपले होते, म्हणून हे दोन मृत्यू मी एका दमात सांगतो.

बँड संपेल असं सगळ्यांना वाटलं. तो संपला नाही, आणि पुढची गोष्ट मला त्यांच्या प्रसिद्धीच्या काळाइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांनी बाहेरून गायक आणला नाही. ढोल वाजवणारा झॉर्जी दु पेशे पुढे आला. त्याचा आवाज शिकोसारखा चपळ नाही. तो खालचा, घोगरा, सावकाश आहे. त्याने शिकोची नक्कल केली असती तर ते श्रद्धांजलीचं पथक होऊन बसलं असतं. त्यांनी नावातून ‘शिको सायन्स’ काढलं आणि नुसतं ‘नासांव झुंबी’ ठेवलं. २००० मध्ये ‘रादिओ सांबा’, २००२ मध्ये बँडच्याच नावाची तबकडी, २००५ मध्ये ‘फुतुरा’, २००७ मध्ये ‘फोमे द तुदो’, ज्यात कास्त्रोंची भूक पुन्हा आली. संगीत गायकाच्या आवाजाला जुळून संथ, जड, धुरकट झालं. २००२ ची तबकडी मी कुणालाही बेधडक ऐकायला देईन. पुढे काही जुने साथीदार बाहेर पडले, ते सगळ्या बँडांत होतं.

चित्रपटांवरही त्यांची छाप आहे. पाउलो काल्दास आणि लिरिओ फेरेरा यांचा ‘बाइले पेर्फुमादो’ १९९६ चा. लांपियांव या दरोडेखोराचं चित्रण करणाऱ्या लेबनीज माणसाची गोष्ट, आणि पार्श्वभूमीला रेसिफेच्या या बँडांचं संगीत. क्लाउदिओ आसिस यांच्या ‘आमारेलो मांगा’चं संगीत लुसिओ माया आणि झॉर्जी दु पेशेचं. आज पर्नाम्बुकोचा सिनेमा जगभर बघितला जातो, त्याचा आत्मविश्वास या काळातला आहे. मॅक्स कावालेराने सेपुल्तुरा हा ब्राझीलचा मेटल बँड सोडून सोलफ्लाय हा नवा बँड काढला तेव्हा १९९८ च्या पहिल्या तबकडीत नासांव झुंबीचे वादक वाजवून आले. रेसिफेच्या जुन्या बंदरभागात २००० मध्ये संगणक उद्योगांची वसाहत सुरू झाली आणि तिची जाहिरात करणाऱ्यांना चिखलातली अँटेना आयती सापडली; ते श्रेय बँडला द्यायला मी तयार नाही.

आणि माराकातूचं काय झालं? इथे उत्तर सरळ नाही. रेसिफेच्या आणि मग ब्राझीलच्या इतर शहरांच्या, पुढे युरोपच्या सुद्धा, मध्यमवर्गीय तरुण-तरुणींनी अल्फाया गळ्यात अडकवल्या. शिकवण्या निघाल्या, पथकं निघाली. एस्त्रेला ब्रिल्यांतेसारख्या राष्ट्रांत बाहेरची मुलं तालमीला येऊ लागली. तालवादक नाना व्हास्कोन्सेलोस, स्वतः रेसिफेचे, मरेपर्यंत दरवर्षी शेकडो माराकातू वादकांना घेऊन शहराच्या कार्निव्हलचं उद्‌घाटन करत. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्रीय वारसा संस्थेने माराकातूला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलं. हे सगळं चांगलंच. पण बाहेरची पथकं ढोल घेतात, दरबार घेत नाहीत. बाहुली घेत नाहीत, दैवतं घेत नाहीत, ज्या वस्तीतून राणी निघते त्या वस्तीची गटारंही घेत नाहीत. ढोल शिकवून पैसे मिळवणारा बहुधा दुसऱ्या वस्तीतला असतो. जुन्या मेस्त्र्यांपैकी काहींनी स्पष्ट सांगितलं की शिको वाजवतो ते माराकातू नव्हेच. आणि खरं आहे, नव्हतंच. त्याने तसा दावा कधी केला नाही. कार्निव्हलच्या सोमवारी रात्री पातिओ दो तेर्सोच्या चौकात सगळी राष्ट्रं जमतात, मध्यरात्री दिवे घालवून पूर्वजांना आठवतात. त्या रात्रीशी कुठल्याही बँडची बरोबरी होत नाही, आणि बँडच्या मोठेपणासाठी ती करायची गरजही नाही.

एक ठिकाण सांगून बोलणं थांबवतो, कुणी रेसिफेला गेलंच तर उपयोगी पडेल. साओ पेद्रो चर्चच्या समोरच्या चौकात, जुन्या घरांच्या रांगेत, २००९ पासून शिको सायन्स स्मारक आहे. सुआसुनांनी १९७० मध्ये चळवळ जाहीर केली ते चर्च आणि हे घर एकमेकांच्या हाकेवर. नगरपालिकेने जागा मुद्दाम निवडली की योगायोगाने मिळाली, ते सोडा. दोघांना एकाच चौकात वाटा मिळाला आहे.

आता ऐकू या. आधी क्विंतेतो आर्मोरिआलची एक रचना, मग पहिल्या तबकडीतलं ‘आ सिदादे’, मग ‘माराकातू आतोमिको’, आणि शेवटी २००२ च्या तबकडीतलं काहीतरी. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मंडळींना विनंती, दुसऱ्या गाण्याला खर्ज थोडा वाढवा. तिसऱ्याला वाढवू नका, लागणार नाही.